उजवीकडे जानेवारी

ऑर्डेल ट्वाइटच्या गाडीत एकाच वेळी दोन ऋतू असायचे. मी त्या दोन्हींत बसून आलोय, त्यामुळे या बाबतीत मला कुणी शिकवू नये. डाव्या बाजूच्या काचेवर एका माशीने अख्खा हिवाळा काढला आणि ती चांगली बाळसेदार झाली. तिचा भाऊ एकदा उजवीकडची दुनिया बघायला म्हणून उडाला, तो गिअरच्या दांड्यापर्यंत पोचला आणि तिथेच गोठून टणकन पडला, वाटाणा पडावा तसा. मधोमध कॉफीचे कप ठेवायची दोन भोकं असतात ना, तिथे दोन्ही हवा एकमेकींना भिडायच्या आणि बारीक पाऊस पडायचा. विजेचं मी सांगत नाही. वीज मी स्वतः पाहिली नाही, आणि न पाहिलेलं सांगायची मला सवय नाही.

ऑर्डेल म्हणजे अंगातच भट्टी असलेला माणूस. तळ्याच्या बर्फाला भोक पाडून मासे धरायला बसला की कोटाची बटणं उघडी टाकून बसतो. त्याची बायको लव्हॉन ही काडीसारखी, जुलैत स्वेटर घालणारी. देवाने असे दोघे एका गाडीत बसवले, आणि गाडी दिली उत्तर मिनेसोटात, जिथे हिवाळा नोव्हेंबरात येऊन बसतो तो एप्रिलात कसाबसा उठतो.

जुन्या गाडीत हीटरला एकच कळ होती. त्या कळीवरून दोघांचं वर्षानुवर्षं युद्ध चाललं होतं, पण एक शब्द न बोलता. आमच्याकडे भांडणं तोंडाने होत नाहीत, कपड्यांनी होतात. ती हीटर वाढवायची. तो न बोलता टोपी काढायचा. गाडी चौकात थांबली की तो इकडेतिकडे बघत हळूच हीटर कमी करायचा. ती मफलर गुंडाळायची. तो खिडकी बोटभर उघडायचा. ती हातमोजे चढवायची. चर्चला पोचेपर्यंत तो नुसत्या सदऱ्यावर आणि ती गोधडीत असायची, आणि दारात चर्चच्या पास्टरबाईंना दोघं एका सुरात सांगायचे, "अगदी मजेत."

मग बेमिजी शहरात राहणाऱ्या त्यांच्या लेकीने डोकं चालवलं आणि दोघांना नवी गाडी घ्यायला लावली. हिच्यात दोन कळा. डावी ऑर्डेलची, कारण आमच्याकडे गाडी चालवणारा डावीकडे बसतो, उजवी लव्हॉनची, ज्याची हवा त्याला. समोर दोन आकडे उमटायचे. त्याने आपला चौसष्ट ठेवला, तिने ऐंशी; आमच्याकडे फॅरनहाइट चालतं, म्हणजे त्याचा गारवा आणि तिचा उन्हाळा. ऑर्डेलने गाडीबरोबर आलेली माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. असं करणारा मला माहीत असलेला तो एकटाच माणूस. आणि घरात शांतता नांदायला लागली. लव्हॉन पुढच्या सीटवर मफलर न घालता बसलेली दिसली तेव्हा गावातल्या लोकांनी तिला ओळखलंच नाही. त्यांना वाटलं, ऑर्डेलकडे पाहुणी आलीय.

आता कोटाचं सांगायला हवं.

ऑर्डेलचा एक मासेमारीचा कोट होता. तो कोट खुंटीला लावावा लागायचा नाही, आपला आपण कोपऱ्यात उभा राहायचा. तो घालून ऑर्डेल रस्त्याने निघाला की मागे मांजरांची रांग लागायची, आणि त्यातली दोन तर आमच्या जिल्ह्यातली नव्हती. जानेवारीत चर्चने जुन्या कपड्यांची विक्री ठेवली, तेव्हा लव्हॉनने तो कोट चिमट्याने उचलून देऊन टाकला.

ऑर्डेल संध्याकाळी घरी आला, रिकाम्या कोपऱ्याकडे बघत उभा राहिला.

"कोट कुठंय?"

"दिला. चर्चला."

त्याने टोपी काढून खुंटीला लावली. मग म्हणाला, "हं. हे वेगळंच आहे."

आमच्याकडे 'वेगळंच आहे' याच्यापुढे नाराजीचा शब्द नाही. माझ्या आजोबांचं धान्याचं कोठार वावटळीने उचलून शेजारच्या जिल्ह्यात नेऊन ठेवलं, दारं-खिडक्यांसकट, तेव्हा तेही एवढंच म्हणाले होते. त्यामुळे लव्हॉन रात्रभर जागी राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात तो तिला असं कधी म्हणाला नव्हता.

आणि दुसऱ्याच दिवशी गाडी सुरू केल्यावर तिच्या समोरच्या पत्र्याआड कुठेतरी टिक-टिक-टिक असा आवाज झाला, सुतारपक्षी अडकल्यासारखा. तो थांबला आणि तिच्या तोंडावर हवा आली ती थेट कॅनडाहून, सीमेवर न थांबता. तिने समोर पाहिलं. आकडा ऐंशीचा. तिने कळ आणखी फिरवली. आकडा चढला, हवा होती तिथेच. शेजारी ऑर्डेल आपल्या चौसष्टात शीळ घालत गाडी चालवतोय.

ती समजायचं ते समजली. चौकाचौकात चोरून हीटर कमी करणारा हा माणूस. अख्खी पुस्तिका वाचून बसलेला. आकडा तसाच ठेवून हवा तेवढी गार करायची काहीतरी युक्ती त्यात दिली असणार. कोटाचा सूड घेतोय.

तिने एक आठवडा सोसलं. चष्म्यावर आतून बर्फाची नक्षी यायची, ती नखाने खरवडून रस्ता बघायची. पर्समधलं अंडं, ते शेजारणीसाठी नेत होती, ते उतरल्यावर हातातून पडलं आणि फुटलं नाही, उसळलं. पण ऑर्डेलला म्हणेल तर शप्पथ. तो आकड्याकडे बघायचा, ऐंशी दिसायचे, आणि त्याला वाटायचं, बायको मेक्सिकोत बसलीय.

मग एका रविवारी तिने पुढचं दार उघडलंच नाही. मागचं उघडलं आणि ऑर्डेलच्या पाठीमागे जाऊन बसली. त्याच्या चौसष्टातली उरलीसुरली ऊब तिथे तरी गळत होती.

"मागे का बसलीस?" ऑर्डेलने विचारलं.

"पाठीला बरं वाटतं इथे."

"बरं," तो म्हणाला, आणि गाडी सुरू केली. आरशात तिची फक्त टोपी दिसत होती.

सगळ्या गावाने पाहिलं. ज्या गावात कुणी नवीन टपालपेटी लावली तरी त्यावर तीन दिवस चर्चा होते, तिथे नवरा पुढे आणि बायको मागे म्हणजे काय झालं असेल, तुम्हीच बघा. पेट्रोल पंपाला लागून मावीसचं कॉफीचं दुकान आहे, तिथे आम्ही म्हातारे सकाळी बसतो. ऑर्डेल आत आला तसं मावीसने कप पुढे केला.

"काय ऑर्डेल, टॅक्सी चालू केलीस म्हणे. गिऱ्हाईक मात्र एकच दिसतंय."

"पाठ दुखते तिची."

"पाठ दुखते, का पाठ दाखवते?" मावीस म्हणाली आणि आत गेली.

ऑर्डेलने कपात साखर टाकली. तो साखर घेत नाही. दुसरा चमचाही टाकला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "एनार, मी तिला 'वेगळंच आहे' म्हणालो रे. कोटावरून. तोंडातून गेलं. आता ती माझ्याशेजारी बसत नाही." थोड्या वेळाने म्हणाला, "येत्या रविवारी नातीचा बाप्तिस्मा आहे बेमिजीला. लव्हॉन पास्टरबाईंच्या गाडीतून जाणारेय. माझ्या मागूनसुद्धा नाही. सगळ्या पाहुण्यांसमोर ती एका गाडीतून उतरणार आणि मी दुसऱ्या."

मी खिडकीबाहेर बघितलं. अशा वेळी आमच्यात हवामानावर बोलतात, पण हवामानसुद्धा त्या दिवशी बोलण्यासारखं नव्हतं.

खरं तर त्याच आठवड्यात सगळं मिटलं असतं. ऑर्डेल तेल बदलायला रूबेन गार्साच्या गॅरेजात गाडी घेऊन गेला होता. रूबेन मूळचा टेक्ससचा, आमच्या शाळेतल्या बाईंशी लग्न करून इथे आला. माणूस सरळ, हात चांगला, बोलण्यात आदब. त्याने गाडी सुरू करून ऐकली आणि म्हणाला, "साहेब, उजवीकडे ती टिकटिक होतेय. बघून देऊ का?"

"नको नको," ऑर्डेल म्हणाला, "कशाला उगाच."

"बरं साहेब," रूबेन म्हणाला आणि बॉनेट बंद करून हात पुसायला गेला.

ऑर्डेल तिथे उभाच. कॉफीच्या दुकानात येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा आमच्या टेबलावर सगळ्यांनी कप खाली ठेवले.

"एकदाच विचारलं?" मी म्हणालो.

"एकदाच."

"तू नको म्हणालास आणि तो गेला?"

"हात पुसायला गेला."

मावीस किटली हातात धरून तशीच थांबली. "बिचारा," ती म्हणाली. "त्याला कुणी सांगितलंच नसेल."

आमच्याकडे पहिलं 'नको' हे नुसतं नमस्कारासारखं असतं. दुसरं 'नको' म्हणजे माणूस विचार करतोय. तिसऱ्यांदा विचारलं की मग "बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर अर्धा कप" असं म्हणून माणूस दोन कप पितो आणि केकही खातो. पहिल्याच आमंत्रणाला 'हो' म्हणणारा एक इसम गावात होऊन गेला. त्याच्या घरच्यांनी पुढे आडनाव बदललं. आता दक्षिणेतून आलेल्या माणसाला हे कुठून कळणार? त्याला वाटतं, नको म्हणजे नको.

शुक्रवारी ऑर्डेल मला तळ्यावर घेऊन गेला. मी पुढे बसलो, उजवीकडे. गाडी सुरू झाली, सुतारपक्षी बोलला, आणि मग माझ्यावर जे आलं त्याला मी हवा म्हणणार नाही. तो एक प्रदेश होता. माझ्या मिशा आधी पांढऱ्या झाल्या, म्हणजे होत्याच, पण आता आवाज करायला लागल्या. थर्मासमधली कॉफी मी ओतायला गेलो तर ती निघाली अख्खी, मेणबत्तीसारखी.

"गार नाही ना लागत?" ऑर्डेलने विचारलं.

"छे छे."

"नक्की?"

"अगदी मजेत."

तो तिसऱ्यांदा विचारायला माझ्याकडे वळला, तोंडही उघडलं होतं त्याने, आणि तेवढ्यात समोर हरीण आलं. ऑर्डेलने ब्रेक दाबला. हरीण आमच्याकडे बघत निवांत रस्ता ओलांडून गेलं, आणि जाताना माझं तिसरं विचारणं घेऊन गेलं. पुढचा सगळा रस्ता ऑर्डेल हरणांबद्दलच बोलत होता.

बर्फावरच्या त्याच्या खोपटात शेगडी होती. तिच्यापाशी बसून माझे दात पुन्हा बसले तेव्हा मला सगळं उलगडलं होतं. लव्हॉन मागे का बसते, ते मला हाडापर्यंत समजलं होतं. आता तुम्ही म्हणाल, मग त्याला सांगून टाकायचं. पण दुसऱ्याने आपल्याला गाडीतून आणायचं आणि आपण त्याच्याच गाडीला नावं ठेवायची, तेही न विचारता, हे आमच्यात होत नाही. मी गळ पाण्यात सोडला आणि लांबून सुरुवात केली.

"तो रूबेन," मी म्हणालो.

"काढू नकोस त्याचं नाव," ऑर्डेल म्हणाला. "एकदाच विचारतो. माणसाने काय समजायचं?"

"खरंय. लव्हॉनला तू विचारलंस का, मागे का बसते?"

"विचारलं की."

"काय म्हणाली?"

"पाठीला बरं वाटतं म्हणाली."

"आणि दुसऱ्यांदा विचारलंस तेव्हा?"

ऑर्डेलने बर्फातल्या भोकाकडे पाहिलं. मासा लागला होता, दोरी हलत होती, पण त्याचं लक्ष नव्हतं. मासा बराच वेळ वाट बघून, आमिष खाऊन, निघून गेला.

"अरे देवा," ऑर्डेल हळूच म्हणाला. "मी टेक्ससचा झालो."

रविवारी चर्चच्या अंगणात पास्टरबाईंची गाडी सुरू होऊन उभी होती. लव्हॉन हातात भाजलेल्या बटाट्यांचं मोठं तबक घेऊन तिच्याकडे चालली होती. मी मदतीला म्हणून मागे, सॅलडचं भांडं धरून. ऑर्डेल आडवा आला. त्याने टाय लावला होता आणि त्याला घाम फुटला होता, बाहेर उणे वीस असताना.

"लव्हॉन, तू मागे का बसतेस?"

"अरे, सांगितलं ना. पाठीला बरं वाटतं."

तो जायला वळेल असं तिला वाटलं असणार, कारण तिने एक पाऊल टाकलं. तो हलला नाही.

"नाही, पण मागे का बसतेस?"

"मागून रस्ता छान दिसतो."

"मागून माझं डोकं दिसतं."

"तेही वाईट नाही," ती म्हणाली, पण तिचा आवाज थोडा बदलला होता. तिला मोजता येत होतं. पास्टरबाईंनी गाडी बंद केली. रस्त्यावर बर्फ काढणारं यंत्र चाललं होतं, ते थांबलं, आणि मी पैजेवर सांगतो, पडत असलेला बर्फही जिथल्या तिथे थांबून राहिला.

"लव्हॉन," ऑर्डेल म्हणाला, "तू मागे का बसतेस, मला सांग."

तिने तबक गाडीच्या बॉनेटवर ठेवलं.

"कारण पुढे बसलं की तू माझ्यावर जानेवारी सोडतोस. कोटाचा राग होता तर कोटापुरता ठेवायचास. मी तुला नवा शिवून दिला असता. पण बायकोला गोठवायचं, आणि वर आकडा ऐंशीचा दाखवायचा, आणि शेजारी बसून शीळ घालायची—"

"मी काय सोडतो?"

"तू वाचलीस ना ती अख्खी पुस्तिका."

ऑर्डेल तडक आपल्या गाडीकडे गेला, गाडी सुरू केली आणि उजव्या सीटवर जाऊन बसला. दार लावून घेतलं. आम्ही बाहेरून बघत होतो. आधी काचेवर धुकं आलं, मग धुक्याची फुलं झाली, मग फुलांना पानं फुटली. आतून टिक-टिक ऐकू येत होतं. बऱ्याच वेळाने दार उघडलं. त्याच्या भुवयांवर बर्फ होता आणि टाय सरळ पुढे ताठ उभा होता.

"मोडलंय ते," तो म्हणाला. "आत झडप असते, गरम-गार हवा वळवायची. ती अडकलीय. पान एकशेबाराला दिलंय. अगं, मला वाटायचं तू ऐंशीत बसलीयस."

"तू नाही केलंस?"

"मी कशाला करू?"

"तू म्हणालास ना, वेगळंच आहे."

"कोट वेगळाच होता तो," ऑर्डेल म्हणाला. "वास यायचा त्याला. मलाही यायचा. मग तू सांगायचं होतंस ना, गार लागतंय म्हणून."

"तू कुठे विचारलंस?"

"विचारलं होतं."

"एकदा."

 ऑर्डेलच्या भुवयांवरचं पाणी गालावर उतरत होतं, ते बर्फाचंच होतं असं आपण धरून चालू. मग त्याने मान वळवून गाडीकडे पाहिलं, उघड्या दाराकडे, आतून येणाऱ्या त्या गारठ्याकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर एक लाजरं हसू आलं.

"खरं सांगू का? मला तिथे फार बरं वाटलं."

 त्याने आत वाकून गाडी बंद केली आणि किल्ली लव्हॉनपुढे धरली.

"तू चालव. माझ्या बाजूची कळ चांगली आहे. ऐंशी लाव, नव्वद लाव."

"नको रे. इतक्या लांब कुठे मी."

"चालव."

"नको, तूच चालव. तुला सवय आहे."

पास्टरबाईंनी मला कोपराने ढोसलं. मी सॅलडचं भांडं घट्ट धरलं.

"चालव गं," ऑर्डेल म्हणाला.

"बरं," लव्हॉन म्हणाली, "तू एवढं म्हणतोसच आहेस तर. गावाच्या पाटीपर्यंत."

ती बेमिजीपर्यंत चालवत गेली आणि परतही तिनेच आणली. मी मागे बसलो होतो, मांडीवर बटाटे घेऊन. डाव्या गुडघ्यावरचे वाफाळत होते, उजव्या गुडघ्यावरचे फोडायला बाप्तिस्म्याच्या ठिकाणी हातोडी मागवावी लागली. पुढे डावीकडे लव्हॉन बाह्या वर सरकवून बसली होती, आणि उजवीकडे ऑर्डेल, कॉलरचं बटण उघडं, मिटल्या डोळ्यांनी, तळ्यावर बसावा तसा. लेकीने दोघांना एका गाडीतून उतरताना पाहिलं आणि तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. ऑर्डेलला तेवढंच हवं होतं.

वसंत आला तोवर मावीसने रूबेनला रीतभात शिकवली होती. ऑर्डेल पुन्हा तेल बदलायला गेला तेव्हा रूबेनने विचारलं, "साहेब, ती झडप बदलून देऊ?"

"नको."

"बदलतो ना साहेब."

"नको रे."

रूबेनने मोठा श्वास घेतला. "तुम्ही म्हणाल तर आत्ता बदलतो, साहेब."

"नको," ऑर्डेल म्हणाला.

रूबेन गोंधळून माझ्याकडे आला. "एनारकाका, तीनदा विचारलं. तिन्ही वेळा नको म्हणाले. आता मी काय समजू?"

"नको समज," मी म्हणालो.

तो डोकं खाजवत गेला. टेक्ससला फोन करून त्याने आईला सांगितलं म्हणे की इथली भाषा त्याला कधी येणार नाही.

कोट मात्र परत आला. विक्रीत त्याला कुणी हात लावला नाही, आणि चर्चच्या तळघरात मांजरं वाढायला लागली, तेव्हा लव्हॉनच जाऊन तो घेऊन आली. घरात घ्यायला ती तयार नव्हती. म्हणून आता तो मागच्या सीटवर असतो, ती बसायची तिथेच, ताठ बसलेला, पट्टा लावून. दोघं गावातून जाताना दिसले की नवखे लोक विचारतात, मागे ते कोण गृहस्थ. एकदा मी विचारणाऱ्याला सांगितलं, लव्हॉनचा भाऊ. त्यानंतर दोन जणांनी कोटाला हात केल्याचं मी पाहिलंय, आणि त्यातल्या एकाला त्यानेही उलट हात केला.